विमानासाठी पाखरं राखली

नोकरी काय केली असं कुणी विचारलं की मी ‘पाखरं राखली’ असं सांगतो. ऐकणारा आधी माझ्याकडं बघतो आणि मग माझ्या मुलाकडं, म्हातारा बरा आहे ना अशा नजरेनं. मुलगा लगेच सावरून घेतो, ‘विमानतळावर होते ते.’ विमानतळ म्हटलं की समोरच्याचा चेहरा उजळतो आणि मला राग येतो. विमानतळावर काय, चहावालाही असतो. मी पाखरं राखत होतो आणि ते काम मनापासून करत होतो, एवढं एकदा छापून यावं म्हणून हे लिहायला बसलो.

ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांना आधी त्यातली मेख सांगतो. लोक म्हणतात, एवढ्या मोठ्या विमानाला पाखरू काय करणार? गोफणीतला धोंडा हातात घेतला तर मुठीएवढा असतो, पण सुटलेला धोंडा कोल्ह्याचं टाळकं फोडतो. इथं उलटं आहे. धोंडा जागेवर असतो आणि टाळकंच वेगानं त्याच्यावर येऊन आदळतं. त्या काळची शिकाऊ विमानं म्हणजे लाकडाचा सांगाडा, वर ताणलेलं कापड आणि पुढं लाकडी पंखा. एक गिधाड त्या पंख्यात आलं की पंख्याचे तुकडे, इंजिन बंद, आणि आत बसलेल्या माणसाच्या हातात फक्त खाली येणं उरतं. कुठं आणि कसं यायचं, तेवढंच त्याला ठरवता येतं.

मी सांगतो ते निजामाच्या राजवटीतलं, महायुद्ध चालू असतानाचं. आमचं गाव नळदुर्गच्या पलीकडं, कानडी मुलखाला लागून. घरात कानडी, रानात मराठी आणि शाळेत उर्दू अशा तीन भाषांत आम्ही मार खाल्लेला. गावाबाहेरचा माळ सरकारनं धोंडे वेचून सपाट केला, चुन्याच्या खुणा मारल्या, एका खांबावर वाऱ्याची पिशवी लावली आणि म्हणाले, हे विमानाचं मैदान. हैदराबादकडची शिकाऊ विमानं अडचणीत आली तर इथं उतरायची. अडचणीत नसलेलीही सरावाला यायची. मैदानाच्या एका अंगाला गावाचं तळं आणि तळ्याच्या पलीकडच्या काठाला गंगव्वाचं ज्वारीचं रान. मैदान, तळं, रान, एवढा नकाशा ध्यानात ठेवा म्हणजे पुढचं सगळं समजेल.

मैदानाचे अधिकारी होते नासिरसाहेब. हैदराबादचे, चष्मेवाले, अत्यंत सभ्य माणूस. पाखरांचा बंदोबस्त करायला माणूस हवा असं कळलं म्हणून मी त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिलो. लहानपणापासून रानातल्या माळ्यावर, म्हणजे लाकडी माचाणावर बसून ज्वारीची राखण केलेली, तेव्हा माझ्यापेक्षा लायक कोण? आमच्याकडं पाखरं हाकण्याला ‘पाखरं राखणं’ म्हणतात. मी त्याची सरळ उर्दू केली.

“साहेब, मैं परिंदे रखता हूँ. बचपन से.”

साहेब खूश झाले. “अच्छा? कबूतर रखते क्या मुर्ग्यां?”

“सब रखता साहेब. चिमण्या, भोरड्या, पोपट.”

“इत्ते सब कहाँ रखते मियाँ?”

“ज्वारी में.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “और पिंजरा?”

“पिंजरा नक्को साहेब. गोफण है.”

शेजारी बसलेला कारकून आमच्याच भागातला होता. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा कुठं त्यानं साहेबांना उलगडा केला. साहेब म्हणाले, “कमाल की ज़बान है तुम्हारी. उड़ाने को रखना बोलते!” त्या दिवसापासून मी मैदानावर ‘परिंदेवाले’ झालो.

माझ्यासोबत गावातले आणखी चौघे लागले. पाचही जण राखणीतले पटाईत, आणि पाचही जणांनी पहिल्याच आठवड्यात तीच चूक केली, जी राखणीतला माणूसच करील. विमान दिसलं की आम्हाला स्फुरण चढायचं. साहेबाचं विमान येतंय, हाका पाखरं! पाच गोफणी, पाच गळे, ‘हाऽऽल्या हाऽऽल्या’चा गजर. पाखरं उठायची आणि उतरणाऱ्या विमानाच्या नेमकी तोंडावर जायची. एकदा एका वैमानिकानं टेकलेलं विमान पुन्हा वर घेतलं, घिरट्या घालून उतरला आणि आमच्याकडं बघून जे बोलला ते कुणाला कळलं नाही, पण अर्थ पोचला.

नासिरसाहेबांनी आम्हाला सावलीत बसवलं. रागावले नाहीत. म्हणाले, “बैठा परिंदा दोस्त है. उड़ा परिंदा दुश्मन. उड़ाना है तो बहुत पहले उड़ाओ. देर हो गई तो बैठने दो, और खुद भी बैठ जाओ.”

मला ते पटायला वेळ लागला. राखणदाराचे हात म्हणजे खाजऱ्या माणसाचे हात, पाखरू दिसलं की गोफणीकडं जाणारच. पण साहेबांचं खरं होतं. पुढं मी तीन ठिकाणच्या धावपट्ट्यांवर नोकरी केली आणि नव्या माणसाला पहिला धडा हाच दिला. आधी हाका, नाहीतर हाकू नका.

मध्यंतरी वरून हुकूम आला, आवाजाच्या दारूचे बार उडवून पाहा. तेरखेड्याचा एक दारूकामवाला बोलावला. रुबाबात आला, मिशीला पीळ देऊन म्हणाला, “ह्यो बार उडाला की पाखरू थेट विजापूर गाठंल.” बार उडाला. पाखरं उठली, तळ्यावर एक चक्कर मारून परत आली. गावातले बैल मात्र विजापूरच्या वाटेला लागले. ते धरून आणण्यात गावाचा दिवस गेला आणि पाटलांनी दारूकामवाल्याला अशा शिव्या घातल्या की तो उरलेला माल तसाच बांधून निघाला. चार-दोन दिवसांत पाखरं बारांना सरावली, बैल कधीच सरावले नाहीत.

पण माझी खरी डोकेदुखी पाखरं नव्हती. ती होती गंगव्वा.

गंगव्वा विधवा बाई, पन्नाशीच्या पुढची, उभी राहिली की माळ्याच्या खांबासारखी. कपाळावर विभूतीचे पट्टे, कमरेला विळा आणि हातात गोफण. तिच्या गोफणीचा फटकारा वेशीत ऐकू यायचा. एकुलता एक लेक बसप्पा फौजेत भरती होऊन लढाईवर गेलेला. कुठल्या मुलखात आहे, तेही तिला ठाऊक नव्हतं. तिला कुणी विचारलं तर ती हातानं आभाळाकडं दाखवायची, “तिकडं.” रान ती एकटीच कसायची.

मी सकाळी मैदानावरनं पाखरं हाकायचो. ती तळं ओलांडून थेट तिच्या ज्वारीत जायची. गंगव्वा गोफण मारायची, पाखरं परत माझ्या मैदानावर. मग मी, मग ती. एकाच थव्याला आम्ही दोघं दिवसभर झोके देत होतो. शेवटी एका सकाळी ती विळ्यासकट मैदानावर आली.

“महालिंगा, तुजी पाखरं माज्या रानात कशापायी धाडतूस रं?”

“माझी कुठली अव्वा? पाखरं शिवाची.”

“शिवाचं नाव घिऊ नगंस. इमान तुजं, ज्वारी माजी. माजा लेक आल्यावर काय खाऊ घालू त्याला, तुजा चुना?”

मी सरकारी कामाचा धाक घालायला गेलो. ती म्हणाली, “सरकार काय भाकरी सोडून चुना खातंय?” नासिरसाहेब हे सगळं खोलीच्या दारातून बघत होते. त्यांनी गंगव्वाला बसायला स्टूल दिलं. ती बसली नाही, उभ्यानंच बोलली. मी तिचं मराठी साहेबांना आणि साहेबांचं उर्दू तिला सांगत राहिलो. दोन्हीकडचे तिखट शब्द मी वाटेत गाळले.

तोडगा तिनंच काढला. “सावड करा,” म्हणाली. सावड म्हणजे आज तुम्ही माझ्या रानात राबा, उद्या मी तुमच्या रानात राबते. साहेबांना तो शब्द फार आवडला. ठरलं असं. पहाट फुटताना भोरड्यांची धाड ज्वारीवर पडते, तेव्हा आम्ही पाचही जण तिच्या रानात राखणीला उभं राहायचं. त्या बदल्यात विमान यायचं असलं की मी मैदानाच्या खांबावर पांढरं फडकं चढवायचं, आणि ते दिसलं की तिनं गोफण खाली ठेवायची. पाखरू कणसावर बसलेलं असलं तरी.

“कणसावर बसलेलं दिसंल आन् म्या गप बसू?” तिनं मला पुन्हा विचारलं.

“व्हय अव्वा.”

“अवगड हाय,” ती म्हणाली. “पन आत माणूस आसतोय म्हनं. ठेवीन.”

तिनं शब्द पाळला. फडकं चढलं की तळ्यापलीकडून तिचा आवाज बंद व्हायचा. भोरड्या समोर दाणे टिपतायत आणि ही हात बांधून उभी, हे मी बांधावरून पुष्कळदा पाहिलं. राखणदारालाच कळेल त्यात काय सोसावं लागतं.

हुरड्याचे दिवस होते. त्या दिवशी कुठलंही विमान यायचं नव्हतं, म्हणून खांब रिकामा होता. ऊन चांगलं वर आलेलं. मी तळ्याच्या बांधावरून पाखरांचा अंदाज घेत चाललो होतो. तळ्याच्या मैदानाकडच्या अर्ध्या भागात करकोच्यांचा मोठा थवा उतरलेला. सकाळभर हरभऱ्याच्या रानात चरून दुपारी ते तळ्यावर येऊन उभे राहतात. उथळ पाण्यात हे एवढाले राखाडी पक्षी, अंगाला अंग लावून, निवांत. पलीकडं गंगव्वा माळ्यावर. तिच्या रानाच्या कोपऱ्यावर गुऱ्हाळ चालू होतं आणि काठाला गूळ शिजवायची एक मोठी काहील धुऊन पालथी घातलेली होती.

विमानाचा आवाज आला. वाट चुकून आलं असेल म्हणून मी वर पाहिलं. गावाची मेलेली जनावरं टाकायची जागा ओढ्यापलीकडं होती आणि तिच्यावर गिधाडं नेहमीच घिरट्या घालायची. विमान त्यांच्यातून आलं. एक आवाज झाला, ओलं लाकूड फुटावं तसा. त्यानंतर आवाजच नाही. इंजिन बंद. पुढचा पंखा अर्धा तुटलेला, आणि ते विमान गपचूप खाली येऊ लागलं.

मैदानापर्यंत ते पोचणार नाही हे मला दिसत होतं. मधे तळं. ज्वारीत उतरावं तर रानात हुरड्याची कणसं खुडणाऱ्या बायका पसरलेल्या. आतल्या शिकाऊ पोरानं विमानाचं तोंड पाण्याकडं वळवलं. आणि त्याच वेळी गंगव्वा माळ्यावर उभी राहिली, पाठ विमानाकडं, तोंड ज्वारीकडं, गोफणीत धोंडा घातलेला. भोरड्यांचं टोळकं कणसांवर बसलं होतं. तिच्या गोफणीचा एक फटकारा, आणि तळ्यावरचे सगळे करकोचे उठले असते, नेमके त्या पोराच्या तोंडावर. पंखा नसलेलं विमान वर घेता येत नाही. त्याला एकच डाव होता.

मला ओरडता येत नव्हतं. ओरडलो तर मीच थवा उठवला असता. आयुष्यात ओरडण्यावरच पोट भरलेला माणूस मी, आणि त्या वेळी घशातला आवाज दाताखाली धरून उभा होतो. खांब लांब राहिलेला. मी डोक्यावरचा पटका ओढला. पांढरा होता, धुऊन नुकताच बांधलेला. भर दिवसा बोडक्यानं उभा राहिलो आणि दोन्ही हातांनी पटका उलगडून वर धरला. आमच्याकडं घरात कुणी गेल्याशिवाय माणूस असा बोडका दिसत नाही.

गोफण तिच्या डोक्याभोवती फिरायला लागली होती. एक फेर. दुसऱ्या फेराला ती अर्धी वळली आणि तिची नजर माझ्यावर गेली. फिरती गोफण थांबवणं सोपं नसतं. तिनं दोरी सोडली नाही, हात खाली ओढला, आणि धोंडा येऊन तिच्या स्वतःच्या मांडीवर बसला. ती वाकली, पण तोंडातून आवाज काढला नाही. मग तिनं मागं वळून पाहिलं.

तोवर गुऱ्हाळातली माणसं आणि खुडणीच्या बायका विमान बघून काठाकडं धावत निघालेल्या. आता बोंब उठणार. गंगव्वा माळ्यावरून उतरली, लंगडत त्यांच्या आडवी झाली, तोच धोंडा पुन्हा गोफणीत घातला आणि दबक्या आवाजात म्हणाली (हे मला नंतर त्यांनीच सांगितलं), “जो वरडंल त्याच्या टाळक्यात घालीन.” तिचा नेम गावाला माहीत होता. माणसं होती तिथं बसली. एका बाईनं रडणाऱ्या तान्ह्याला पदराखाली घेतलं.

विमान आलं. पाण्याला टेकायच्या आधी त्यानं नाक वर उचललं, शेपटी आधी टेकवली. करकोच्यांच्या थव्याच्या बाजूनं, अगदी बाजूनं गेलं ते. माना वर झाल्या, पण एकही पाखरू उठलं नाही. त्यांना उठवणारं कुणी नव्हतं.

पाणी मऊ असतं हा आपला समज. आंघोळीला मऊ असतं. वेगात आलेल्या विमानाला ते फरशीसारखं लागतं, आणि चाकं खाली असली की पाणी चाकांनाच पकडतं. तसंच झालं. शेपटी टेकली, विमान घसरलं, मग चाकं रुतली आणि ते नाकावर उलटं झालं. आता थवा उठला. सगळं आभाळ करकोच्यांनी भरलं, आणि त्या आवाजावरही गंगव्वाचा आवाज चढला.

“आता वरडा! काहील घाला पान्यात!”

होड्या आमच्याकडं कुठल्या? पूर आला की काहिलीत बसून ओढा ओलांडायचा, हीच आमची नौका. गुळव्या आणि त्याच्या दोघा गड्यांनी काहील पाण्यात लोटली. मी बांधावरून उडी टाकून पोहत गेलो. बांधाकडचं पाणी छातीच्या वर होतं. पोरगा उलटा, पट्ट्यात लटकलेला, डोकं पाण्यात. पट्टा कसा सोडायचा हे मला शिकवलेलं होतं, पण ओल्या बोटांना कडी सापडेना. गुळव्याच्या हातात गंगव्वानं आपला विळा दिला होता. तो मी घेतला आणि पट्टा कापला. काहिलीत घातला तेव्हा त्याचा रंग त्याच्या विमानासारखाच होता, राखी.

काठावर त्याला पालथा घालून पाठ दाबली. पाणी निघालं. मग तो खोकला, आणि मी तिथंच चिखलात बसून रडलो. मला त्याची लाज नाही.

हुरड्याची आगटी पेटलेलीच होती. तिच्याशेजारी त्याला गंगव्वाच्या घोंगड्यात गुंडाळून बसवला. पंजाबकडचा, मिसरूड फुटलेला पोरगा. गंगव्वानं हुरडा चोळून त्याच्या तळहातावर ठेवला. तो दात वाजवत खात होता.

“इचार त्याला, आई हाय का त्याची?” ती मला म्हणाली.

मी विचारलं. आहे म्हणाला. गंगव्वानं मान हलवली आणि आणखी हुरडा चोळायला घेतला.

मी त्याला विचारलं, पाण्यावरचा थवा दिसला नाही का? तो म्हणाला, “वो परिंदे थे? मैं समझा पत्थर हैं. पत्थरों से बचाकर ले गया.”

नासिरसाहेब धावत आले, चष्म्याशिवाय. मी त्यांना झालेलं सगळं सांगितलं. फडकं नव्हतं, पटका होता, आणि गोफण फिरायला लागल्यावर थांबली. साहेबांनी गंगव्वाच्या सुजलेल्या मांडीकडं बघितलं, मग रिकाम्या तळ्याकडं. त्यांनी तिला वाकून सलाम केला आणि मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाले, “अव्वा, तुम्ही आज पाखरं राखली.”

माझ्या कामाचा तो शब्द त्या दिवशी प्रथमच त्याच्या खऱ्या अर्थानं कुणी उच्चारला. मी मुलाला हेच सांगत असतो, पण तो ‘विमानतळ’च म्हणतो.

गंगव्वा पुन्हा आगटीशी बसली. आगटीतला निखारा सारत माझ्याकडं न बघता म्हणाली, “माज्या बसप्पासाठीबी तिकडं कुनीतरी पाखरं राखत आसंल की रं.”

मी म्हणालो, “आसंल अव्वा.”

बसप्पा आला नाही. लढाई संपली, इतर गावांची पोरं आली, तो आला नाही. नासिरसाहेबांनी हैदराबादेत पुष्कळ चौकशी केली, हाती काही लागलं नाही. पुढं राज्य बदललं, मैदान मोडलं, चुना पावसानं धुऊन नेला आणि माळावर पुन्हा मेंढरं चरू लागली. मी दुसरीकडं नोकरीला लागलो. आता तर गिधाडं दिसतच नाहीत. माझ्या धंद्याचा सगळ्यात मोठा शत्रू, पण त्याच्याशिवायचं आभाळ मला बरं वाटत नाही.

सुटीवर गावी गेलो की गंगव्वाच्या रानात जायचो. फार म्हातारी झाली होती, माळ्यावर चढताना धाप लागायची, पण राखण सोडली नव्हती. एकदा हुरड्याच्याच दिवसांत तिच्याजवळ बसलो होतो. खूप उंचावरून एक मोठं विमान चाललं होतं, चांदीच्या मण्याएवढं दिसत होतं. समोर भोरड्या ज्वारीत उतरलेल्या. तिनं गोफणीत धोंडा घातला होता. आवाज कानावर आला तशी तिनं गोफण खाली ठेवली आणि हात बांधून उभी राहिली.

मी म्हणालो, “अव्वा, मैदान कवाच मोडलं. आन् ते इमान लई वर हाय. तितवर पाखरू जात न्हाय. मारा धोंडा.”

भोरड्या दाणे टिपत होत्या. ती आवाज पार विरेपर्यंत तशीच उभी राहिली.

“तुला ठावं आसंल,” ती म्हणाली. “पन कुनाचा तरी हाय त्यात.”

मग तिनं गोफण उचलली.